अजून अर्धा आटा

गळणारा जोड समोर आला की माणसाच्या हाताला पहिली गोष्ट सुचते ती पिळण्याची. नळ गळतोय? पीळ. नळी ठिबकतेय? क्लिप पीळ. पाना नसेल तर पक्कड, पक्कड नसेल तर फडकं गुंडाळून मनगट, आणि मनगट हरलं तर शेजारचा व्यायामशाळेत जाणारा मुलगा. ‘अजून अर्धा आटा बसतोय बघ’ असं म्हणून तो अर्धा आटा बसवला जातो, एक बारीक ‘कट्’ ऐकू येतं आणि ठिबकीची धार होते. माझं म्हणणं असं की गळती हा जोराचा प्रश्नच नाही. दहातल्या नऊ वेळा तो पाच-दहा रुपयांच्या एका रबरी तुकड्याचा प्रश्न असतो, आणि तो तुकडा बदलायचं सोडून आपण जे जे करतो त्याचा पाण्याशी संबंध कमी आणि अब्रूशी जास्त असतो. हे दाखवायला मोरीतला नळसुद्धा पुरेल. पण मी मुद्दाम काचा पुसणाऱ्यांची सामग्री घेतो. टाकी, फिल्टर, पंप, रीळ, लांबलचक नळी, कपलर, कॉक, काठी अशी सगळी वरात एका पाण्याच्या धारेसाठी एकमेकांना जोडलेली असते, त्यामुळे रबराचे गुणधर्म आणि माणसाचे गुणधर्म तिथे एकाच ठिकाणी तपासता येतात.

काच पुसणं हा मुळात बिनजोडाचा धंदा. बादली, फडकं, शिडी, आणि खाली उभं राहून ‘डाव्या कोपऱ्यात राहिलंय’ म्हणणारा मालक. यात पाणी गेलंच तर सांडायचं. सांडण्याला गुन्हेगार असतो, गळतीला नसतो. पुढे हत्यारं सुधारली. अमेरिकेत गेल्या शतकाच्या सुरुवातीला ‘शिकागो’ नावाचा एक पोलादी वायपर चालायचा: बोजड, दोन रबरी पट्ट्यांचा, आणि पट्टी बदलायची तर बारा स्क्रू सोडवायला लावणारा. १९३६च्या सुमारास ओकलंडमधल्या एत्तोरे स्तेक्कोने या इटलीहून आलेल्या कारागिरानं पितळेचा हलका, एकाच पातळ पट्टीचा वायपर काढला. आजचे वायपर त्याच घडणीचे वंशज आहेत. या गृहस्थाला एक गोष्ट नीट कळली होती. काच पुसतं ते रबर, पितळ नुसतं मिरवतं; रबर झिजणारच, तेव्हा ते चटकन बदलता आलं पाहिजे. बारा स्क्रू असले की माणूस रबर बदलत नाही, तो वायपर अधिक जोरानं दाबतो. हे बारा स्क्रू लक्षात असू द्या, त्यांचं काम पुढे पडणार आहे.

नळी या धंद्यात शिरली ती शिडी बाजूला झाल्यावर. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले. जे काम जमिनीवर उभं राहून होतं त्यासाठी वर चढू नका, असा त्यांचा रोख. त्यामुळे लांब पोकळ काठी, टोकाला ब्रश आणि ब्रशातून पाण्याच्या बारीक धारा या प्रकाराला तिथे चांगलंच बळ मिळालं. गाडीत मोठी टाकी, बारा व्होल्टचा पंप, रिळावर शंभर मीटर नळी. पाणीही साधं चालत नाही. आरओ आणि रेझिनमधून काढून क्षार जवळजवळ शून्यावर आणलेलं पाणी लागतं, म्हणजे काच आपोआप वाळते आणि डाग राहत नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यानं धुतलेली काच वाळल्यावर जी पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी दिसते, ती या पाण्यानं पडत नाही. आपल्याकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या किंवा हिंजवडीतल्या उंच काचेरी इमारतींवर मुख्यतः दोर, पाळणा, बादली आणि वायपर यांचंच राज्य आहे. काठी-नळीचा कारभार शोभतो तो तीन-चार मजली शोरूमला, दवाखान्याला. पण कुठेही असो, टाकीपासून ब्रशापर्यंत बोट ठेवत गेलं तर डझनभर जोड सहज भरतात. शिडी गेली, पडण्याची भीती गेली, आणि तिच्या जागी भिजण्याची खात्री आली.

‘भिजलं तर भिजलं, पाणीच आहे’ असं म्हणणाऱ्यानं एकदा ती काठी उभी धरून पाहावी. दोन्ही हात डोक्यावर, नजर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीवर, आणि काठीच्या जोडातून सुटलेला थेंब काठीच्याच कडेनं खाली उतरत मनगटावर येतो. तिथे त्याला रस्ता विचारावा लागत नाही. बाही, कोपर, काख आणि तिथून कमरेचा पट्टा. डिसेंबरात सकाळी आठला हा प्रवास सोसणाऱ्या माणसाला गळतीचं गांभीर्य पटवावं लागत नाही. शिवाय हे पाणी फुकटचं नाही. आरओचं एक लिटर पाणी हाती येईपर्यंत दोन-तीन लिटर गटारात गेलेलं असतं, म्हणजे जोडातून वाया जाणारा प्रत्येक थेंब आधीच आपल्या दोन-तीन भावंडांचा बळी देऊन आलेला असतो. आणि पंपाचं दुखणं वेगळंच. हे पंप नळीतला दाब ठरावीक पातळीला पोचला की स्वतःहून थांबतात. कॉक बंद असूनही पंप मधूनच ‘टर्र’ करून पुन्हा गप्प होत असेल, तर कुठेतरी दाब उतरतोय. मग कॉक बंद ठेवून शांत बसायचं आणि पंपानं किती वेळानं घसा साफ केला ते ऐकायचं. दोन टर्रांमधलं अंतर जितकं कमी, तितकी गळती मोठी. इतकं स्वस्त निदान वैद्यकशास्त्रातही मिळत नाही. पण ते करायला काही काळ हात मांडीवर ठेवून बसावं लागतं, आणि हातात पाना असलेल्या माणसाला तेवढंच जमत नाही.

आता नळाच्या पोटात शिरू. साध्या चकतीच्या नळात आपण वर मूठ फिरवतो तेव्हा स्पिंडल खाली उतरतो, त्याच्या टोकाला असलेला वायसर पितळी बैठकीवर टेकतो आणि पाणी थांबतं. थांबवणारा वायसर, टेकवणारे आपण. वायसर नवा असताना दोन बोटांनी नळ बंद होतो. वर्षभरानं रबर कडक झालं, त्यावर बैठकीच्या काठाची गोल खाच पडली, की दोन बोटं पुरत नाहीत. आपण मूठ लावतो. त्यानं खाच आणखी खोल होते. मग दोन हात. शेवटी घरात नळ बंद करण्याचा अधिकार एकाच पुरुषाकडे जातो आणि बाकीच्यांना ‘मी आल्यावर बंद करीन, तोवर खाली बादली ठेवा’ असा हुकूम मिळतो. या सगळ्या काळात वायसर तोच असतो. पुढे रबर संपतं, पितळ पितळावर घासू लागतं, बैठकीला चरा पडतो, आणि पाच रुपयांच्या कामाचं नळ बदलण्याचं काम होतं. ज्याला मराठी येत नाही त्याच्याशी अधिक मोठ्या आवाजात मराठी बोलावं, तसं हे मेलेल्या रबराला अधिक जोरानं दाबणं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही: ‘पण पिळल्यावर थांबतं की!’ थांबतं. कडक झालेल्या रबरालाही पुरेसं चेपलं तर ते थोडं पसरतं आणि फट भरते. हा पुरावा इतका तात्काळ आणि इतका समाधानकारक असतो की त्यापुढे रबराचं शास्त्र फिकं पडतं. पण वायसर बदलल्यावर नळ दोन बोटांनी बंद होतो आणि पिळल्यावर दोन हातांनी. पहिल्या उपायानं पुढच्या वेळचं काम कमी होतं, दुसऱ्यानं वाढतं. पहिल्या उपायाला कोणी टाळ्या वाजवत नाही, एवढाच काय तो त्यात दोष.

आट्यांचा कारभार तर आणखी फसवा. ‘अर्धा इंची’ म्हणून जो जोड आपण दुकानातून आणतो, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास फूटपट्टी लावून पाहा. एकवीस मिलिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे पाऊण इंचाच्याही वर. आतलं भोक मोजलं तर तेही अर्धा इंच नसतं. जुन्या काळी कुठल्याशा पाइपाच्या पोकळीला साजेसं असलेलं ते माप आता नुसतं घराण्याचं नाव म्हणून चालत आलंय. त्यात काच पुसण्याची सामग्री बाहेरून मागवलेली असली की दोन घराण्यांची सोयरीक करावी लागते. ब्रिटिश आटे पंचावन्न अंशांचे, अमेरिकन साठ अंशांचे. पण अर्धा इंचात दोघांचेही इंचाला चौदाच आटे, त्यामुळे पहिले दोन-तीन आटे अगदी गोडीगुलाबीनं बसतात. मग अडतं. इथे शहाण्यानं सोडून द्यावं आणि दोन्ही बाजूंचे आटे तपासावेत. पण अडल्यावर आपल्याकडे जो उद्गार निघतो तो असा: ‘वा, काय घट्ट बसतंय!’ पुढे काय होतं ते सांगायला नको. आटे जातात, आणि आटे गेलेल्या वस्तूला आपण प्लास्टिक हलक्या प्रतीचं होतं असं म्हणतो.

आट्यांवर गुंडाळायची ती पांढरी टेफ्लॉन टेप, हा आपल्या नळकामातला सर्वरोगहारी अंगारा. रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९३८ साली हा पदार्थ सापडला, तोही गॅसच्या एका सिलिंडरची तोटी उघडूनही काहीच बाहेर येईना म्हणून. वजन तर भरलेल्याइतकं. कापून पाहिलं तर आत पांढरी भुकटी. ज्या पदार्थाचा जन्मच काही बाहेर न येण्यातून झाला, त्याच्यावर गळती थांबवण्याचा भरवसा ठेवण्यात वावगं काही नाही. फक्त ती कुठे चालते हे पाहायला हवं. निमुळत्या आट्यांमध्ये, जिथे आटेच एकमेकांत रुतून पाणी अडवतात, तिथे ती उरलेल्या फटी भरते. आपले जुने प्लंबर हेच काम सुतळी आणि सफेद्यानं करत. पण नळीच्या टोकाला असते ती फिरती रिंग सरळ आट्यांची. तिथे आट्यांचं काम फक्त दोन तोंडं एकमेकांवर धरून ठेवण्याचं. पाणी अडवायला आत एक चपटा वायसर असतो. म्हणजे असायला हवा. तो कधीच पडून हरवलेला असतो, आणि त्याच्या जागी बाहेरच्या आट्यांवर टेपेचे वीस वेढे चढतात. पाणी त्या वेढ्यांच्या खालून शांतपणे निघून जातं. शिवाय टेप कमालीची निसरडी. ती लावली की पिळणं सोपं होतं, हाताला कळतही नाही आपण किती पुढे गेलो ते, आणि प्लास्टिकचं सॉकेट उभं तडकतं. टेपेनं गळती थांबल्याचं श्रेय टेपेला मिळतं. टेपेमुळे तडकल्याचं खापर मात्र कंपनीवर.

नळीचं म्हणाल तर ती मधूनच गळते असं क्वचित घडतं, कोणी गाडी घातली किंवा उंदरानं चव पाहिली तर. एरवी ती गळते टोकाशी, जिथे ती दातेरी निपलवर चढवलेली असते. उन्हात गच्चीवर पडून पडून तिचं टोक कडक होतं, ताणलं जातं, आणि निपलची पकड सुटते. अशा वेळी क्लिप आवळली जाते. स्क्रूनं आवळायची ती पोलादी पट्टीची क्लिप ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या कमांडरनं १९२१ साली पेटंट केली. शंभर वर्षं जगानं तिच्यावर प्रेम केलं ते योग्यच, पण तिचा एक स्वभाव आहे. जाड नळीवर ती गोल बसते. बोटाएवढ्या बारीक नळीवर तिच्या स्क्रूच्या घराखाली नेमकी फट राहते. ती बुजवायला आणखी आवळलं की पट्टी नळीत रुतते आणि ती कापते, किंवा आतला प्लास्टिकचा निपल मोडतो. बारीक नळीला कानाची चिमटी क्लिप बरी. आणि खरा उपाय तर इतका साधा आहे की तो सांगताना संकोच वाटतो. नळीच्या त्या ताणलेल्या टोकाची दोन-तीन बोटं धारदार पात्यानं काटकोनात कापून टाकायची. नवं टोक कढत पाण्यात मिनिटभर बुडवायचं. ते मऊ झालं की निपलच्या शेवटच्या दात्यापर्यंत, अगदी खांद्याला टेकेपर्यंत ढकलायचं आणि क्लिप दाते संपतात त्याच्या जरा अलीकडे बसवायची. शंभर मीटर नळीतली दोन-तीन बोटं! पण ‘चांगली नळी’ कापायची म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. त्या दोन बोटांना वाचवण्यासाठी शंभर मीटर नळी बदलणारे लोक आहेत.

सर्वांत मजेदार वस्तू म्हणजे ओ-रिंग. निल्स ख्रिस्तेन्सेन या मूळच्या डॅनिश, अमेरिकेत स्थायिक झालेल्या यंत्रज्ञानं तिचं पेटंट मागितलं तेव्हा तो सत्तरी ओलांडून गेला होता; ते मिळालं १९३९ साली. खाचेत बसवलेली रबराची एक गोल रिंग. तिची खुबी अशी की ती जरा चेपलेली असली की पुरे, बाकीचं काम पाणीच करतं. पाण्याचा दाब वाढला की तोच तिला फटीकडे रेटतो आणि फट अधिक घट्ट बुजते. शत्रूच्याच बळानं शत्रूला अडवणारी ही युक्ती असल्यामुळे ओ-रिंगचा जोड हातानं बसवायचा असतो, पान्यानं नाही. नळीचे झटपट कपलर, स्वयंपाकघरातल्या आरओच्या मागचे दाबून बसवायचे एल्बो, रिळाच्या मधला फिरता जोड, सगळीकडे हीच रिंग. ती गळू लागते याचा अर्थ ती सुकली, चिरली, तिच्याखाली वाळूचा कण आला किंवा आत घातलेली नळी तिरकी कापलेली आहे. यांतल्या एकाही कारणाला पाना हे उत्तर नाही. रबराचं स्प्रिंगपण गेलं की काय होतं हे जगानं २८ जानेवारी १९८६ ला पाहिलं. ‘चॅलेंजर’ यान सात जणांसह नष्ट झालं. बूस्टरच्या जोडातल्या ओ-रिंग थंडीनं आपलं लवचीकपण हरवून बसल्या होत्या. चौकशीत रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञानं त्या रबराचा तुकडा हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या छोट्या शिकंज्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर सोडवून दाखवला. तुकडा चटकन पूर्ववत झाला नाही. एवढ्या मोठ्या संस्थेत, एवढ्या हुशार माणसांत प्रश्न आला तो रबराच्या मऊपणाचा. तेव्हा तुमच्या-आमच्या पक्कडीनं वेगळं काही सिद्ध होईल अशी आशा करू नये.

पिळून झालं, टेप झाली, तरी गळतंय, मग आपण कलेच्या प्रांतात शिरतो. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळायची, वर सुतळी. एम-सीलचा लाडू थापायचा. प्लास्टिकची पिशवी बांधायची. यातली ट्यूबची पट्टी खरोखर काही दिवस चालते आणि तिला माझा नमस्कार, कारण निदान ती रबर तरी आहे. पण माझं खरं कौतुक आहे चिंधीला. रात्री थेंबाचा ‘टप् टप्’ झोपू देत नाही म्हणून नळाच्या तोंडाला एक चिंधी किंवा दोरा बांधायचा. थेंब दोऱ्यावरून सरकत बादलीत उतरतो, आवाज बंद. गळती तेवढीच, पण आता ती सुसंस्कृत झाली. काच पुसणाऱ्यांच्या सामग्रीवर हीच चिंधी कपलरभोवती बांधलेली दिसते. ती पाणी थांबवत नाही. ते बाहीऐवजी जमिनीवर पडावं एवढीच व्यवस्था करते. दुरुस्तीच्या नावाखाली आपण बऱ्याचदा गळतीचं फक्त स्थलांतर करत असतो.

आता दुसरा आक्षेप, हा व्यवहारी माणसाचा: ‘कशाला त्या पाच रुपयांच्या वायसरच्या नादी लागायचं? नवा नळ घ्या, नवी नळी घ्या, वेळ वाचवा.’ नवा घेतल्यावर गळणं थांबतं हे खरंच. पण नव्या नळात काय नवं असतं? नवा वायसर. पाचशे रुपयांच्या पितळाच्या, क्रोमच्या आणि खोक्याच्या आत बसून तो आला एवढंच. ‘मग सिरॅमिकचे नळ घ्या, त्यांना वायसरच नसतो,’ असं दुकानदार सांगतो. पाव फेरीत बंद होणारे ते नळ छान असतात यात शंका नाही. पण त्यांच्याही कार्ट्रिजच्या बुडाशी रबरी सील असतंच, आणि आपल्या टाक्यांत बसलेल्या गाळाचा एक कण त्या दोन गुळगुळीत चकत्यांमध्ये शिरला की चकतीवर चरा उमटतो. त्यातही हे नळ पाव फेरीनंतर अडतात, आणि जुन्या नळांवर घडलेल्या मनगटाला ते अडणं मान्य नसतं.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्यापुढे माणसाला नुसतं आळशी म्हणून चालत नाही. वायसर पाच रुपयांचा, पण त्याच्यापर्यंत पोचायला काय पडतं? इथे ते बारा स्क्रू परत येतात. गृहनिर्माण सोसायटीत एका मोरीतला वायसर बदलायचा तर गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व बंद करावा लागतो. तो गंजून घट्ट बसलेला असतो. त्याच्यावर उभी लाइन चार मजल्यांची असते. चार मजल्यांना कळवायचं, चिटणिसांना विचारायचं, गच्चीची किल्ली रखवालदाराकडे, रखवालदार जेवायला. त्यातून प्लंबर मिळाला तर तो पाच रुपयांच्या वायसरसाठी मजले चढून येणार नाही, आणि आला तर नळ बदलावा लागेल असं सांगणारच. त्यानं तरी काय खायचं? काचा पुसण्याच्या कामात गाठ याहून अवघड. गच्चीवरून नळी खाली सोडली की दर दहा मीटरला साधारण एक किलो दाब वाढतो. वीस मजल्यांच्या इमारतीवरून सोडलेल्या नळीच्या खालच्या टोकाला नुसत्या उंचीचाच सहा किलोचा दाब बसतो. वर ज्या कपलरमधून थेंबही आला नसता, तोच तळाशी कारंजं उडवतो. तिथे भिजतो तो मजूर. रबरी रिंगांचं पाकीट मागवायचा अधिकार असतो ऑफिसातल्या माणसाकडे. जो भिजतो त्याला खरेदीचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याचा शर्ट इस्त्रीचा. मजुराच्या हातात मग ताकद सोडून दुसरं काय उरतं? त्याचं पिळणं मी हसण्यावारी नेत नाही. ऑफिसातल्यानं ‘अरे, नीट आवळत जा’ असं फोनवर सांगणं मात्र नेतो.

ही गाठ सुटते याचा पुरावा मुंबईलगतच आहे. मीरा रोडचे लेखक आणि चित्रकार आबिद सुरती, म्हणजे ‘बहादूर’ आणि ‘ढब्बूजी’ या चित्रकथांचे कर्ते, २००७ पासून रविवारी प्लंबरला सोबत घेऊन इमारतींमध्ये घरोघर जाऊ लागले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. एवढ्याशा कामाला प्लंबर येतच नाही, ही ओळखीच्यांची तक्रार त्यांनी ऐकली होती. त्यांनी नागरिकांना पाण्याचं महत्त्व पटवत बसण्याऐवजी प्लंबरच दाराशी नेला. स्तेक्कोनेनं वायपरचे स्क्रू कमी केले, यांनी सोसायटीचे. यावर ‘एका थेंबानं काय फरक पडतो’ म्हणणारे भेटतातच, तेव्हा हिशेब करून टाकू. सेकंदाला एक थेंब म्हटला तर दिवसाला ८६,४०० थेंब. सलाइनच्या नळीतल्यासारखे बारीक, मिलिलिटरला वीस थेंब धरले तरी दिवसाला चार लिटरच्या वर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. आणि मोरीतला नळ काही सलाइनइतका मोजून मापून थेंब टाकत नाही. हे सगळं पाणी त्या नळाखालच्या बादलीत साठतं आणि आपण ते झाडांना घालतो, म्हणजे वाया जात नाही, असा शेवटचा युक्तिवाद असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या तुळशीला रोज चार लिटर पाणी घातल्यावर तुळशीचं काय होतं, हे तुळस सांगेल.

प्रामाणिकपणे एक अपवाद नोंदवायला हवा, नाहीतर एखादा जुना प्लंबर मला आट्यात धरेल. नळ तोंडातून गळत नाही, पण उघडला की मुठीखालून, स्पिंडलभोवती पाणी पाझरतं, असं असेल तर तिथे वायसरचा दोष नसतो. तिथे स्पिंडलभोवती दोरीची गच्च भरणी केलेली असते आणि ती दाबून धरणारा एक नट असतो. ही भरणी सैल पडली की तो नट पान्यानं पाव आटा फिरवायचा, आणि पाझर खरोखर थांबतो, तोही कायमचा नसला तरी बरेच महिने. पिळून गळती थांबवण्याचा हा चोख, शास्त्रशुद्ध आणि बिनखर्चाचा प्रकार आहे. माणसाला आयुष्यात पहिला गळका नळ असा मुठीखालून पाझरणारा मिळाला, की पुढच्या सगळ्या नळांचं, नळ्यांचं आणि कपलरांचं भवितव्य ठरून जातं.